मुलांचं तिकीट स्वस्त हवंच, पण वर्षातल्या एका मॅचपुरतं नको

तुम्ही विचारलंय, की कुटुंबं आणि लहान मुलं मैदानाकडे वळावीत म्हणून फुटबॉल क्लबांनी तिकिटं स्वस्त करावीत का. स्वस्त दिलं की लोकांना त्याची किंमत राहत नाही आणि क्लबही खड्ड्यात जातो, अशी शंकाही तुम्ही पुढे मांडलीय.

माझं उत्तर: जरूर करावीत. आम्ही ब्रॅडफर्डला राहतो, इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये. स्वस्त तिकिटानेच आमचं घर फुटबॉलचं झालं, त्यामुळे मी हे बाहेरून बघून सांगत नाहीये.

मी मूळची कोल्हापूरची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ, पेठापेठांतली ईर्षा, आणि वर्ल्ड कप आला की गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या गच्चीवर आवाज यायचा. त्या आवाजावरूनच आम्हा बहिणींना कळायचं की गोल झाला. वडील आणि भाऊ जायचे, आम्ही गच्चीवर. मी एकदा हट्ट धरला, तर वडील म्हणाले, "पोरीबाळींचं काम न्हवं ते." तिकीट तेव्हा फार नव्हतंच, प्रश्न पैशाचा नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली पुन्हा तिच्याकडे येते.

2013 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो. व्हॅली परेड हे ब्रॅडफर्ड सिटीचं मैदान. पंचवीस हजारांची सोय, पण क्लब तेव्हा तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये. 2015 च्या सुरुवातीला क्लबने पुढच्या सीझनचं तिकीट जाहीर केलं: मोठ्या माणसाला 149 पौंड, मुलांना त्याहून कितीतरी कमी. घरच्या 23 मॅच, म्हणजे मॅचमागे साडेसहा पौंड. सिनेमाला याहून जास्त लागतात. त्याच जानेवारीत या संघाने एफए कपमध्ये, म्हणजे सगळ्या पातळ्यांचे क्लब खेळतात त्या स्पर्धेत, सर्वांत वरच्या पातळीवरच्या चेल्सीला त्यांच्या मैदानावर 4-2 असं हरवलं होतं, त्यामुळे गावात वातावरण तापलेलंच होतं. मुलगी सात वर्षांची, मुलगा पाच. आम्ही चार सीझन तिकिटं काढली, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये बसून मॅच बघितली.

या क्लबचा हा काही पहिलाच प्रयोग नव्हता. 1999 ते 2001 अशी दोन वर्षं प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या पातळीवर, काढून संघ घसरत गेला. पैशाची तर इतकी दैना झाली की 2002 आणि 2004 अशी दोनदा दिवाळखोरीची प्रक्रिया सोसावी लागली. 2007 मध्ये तो चौथ्या पातळीवर आला. अशा वेळी बहुतेक क्लब तिकीट वाढवतात, कारण माणसं कमी झालीत तर उरलेल्यांकडून जास्त काढू, असा हिशेब. यांनी उलट केलं. सीझन तिकीट 138 पौंड, मॅचमागे सहा पौंड. त्या वर्षी सरासरी तेरा हजारांहून जास्त लोक मैदानावर आले. त्याच लीगमधल्या बहुतेक क्लबांकडे तेव्हा चार-पाच हजार यायचे. 2015 च्या योजनेनंतर तर हा आकडा अठरा हजारांच्या आसपास गेला.

आता तुमची तोट्याची शंका. रिकामी खुर्ची म्हणजे मंडईतली मेथीची जुडी. मॅच संपल्याची शिट्टी वाजली की तिचं मोल शून्य, उद्या ती विकता येत नाही. गवत कापायचा, दिवे लावायचा, पोलीस बंदोबस्ताचा मोठा खर्च पाच हजार आले काय नि पंधरा हजार आले काय, व्हायचाच असतो. म्हणून ती खुर्ची सहा पौंडांना गेली तर नुकसान कसलं? शिवाय सीझन तिकिटं विकली जातात उन्हाळ्याच्या आधी आणि उन्हाळ्यात, जेव्हा मॅच नसतात आणि दाराशी एक पैसा जमा होत नाही. लहान क्लबाला ती रोकड फार मोलाची.

पण भाजीवाली रोज संध्याकाळी जुडी निम्म्याला द्यायला लागली, तर सकाळचं गिऱ्हाईकही संध्याकाळीच येणार, आणि ज्याने सकाळी पुरे पैसे मोजले त्याला वाईट वाटणार. क्लब नेमकं हेच करतात. वर्षभर भाव चढे ठेवायचे, मग एखाद्या थंड मंगळवारी, समोर बिनमहत्त्वाचा संघ, तिकिटं खपत नाहीत, म्हणून 'फॅमिली डे' जाहीर करायचा. मूल येतं, तोंडाला रंग लावून घेतं, झेंडा घेतं, परत जातं. पुढच्या शनिवारी ते विचारतं, आज जायचं का, आणि आईबाप तिकिटाचा भाव बघून विषय बदलतात. त्या मुलाच्या मनात काय बसलं? की मॅच म्हणजे जत्रा, वर्षातून एकदा.

फुकट वाटण्याच्याही मी विरोधात आहे, इथे तुमचं म्हणणं मला पटतं. ओळखीतल्या एका शाळेत एकदा मॅचची फुकट तिकिटं वाटली होती. शनिवारी पाऊस लागला आणि निम्मे जण घरीच बसले. आमचे मात्र पैसे आधीच गेलेले, म्हणून आम्ही पावसातही गेलो. थोडे का होईना, पैसे मोजलेले हवेत.

सीझन तिकिटाचा खरा फायदा मला पहिलं वर्ष संपता संपता कळला. खुर्ची ठरलेली असते, त्यामुळे शेजारीही ठरलेले. मिडलँड रोडच्या स्टँडमध्ये आमच्या उजव्या हाताला सत्तरीचे एक गृहस्थ बसायचे. इथल्या रीतीप्रमाणे मुलं त्यांना सरळ नावाने हाक मारायची. मला ते कधी जमलं नाही, मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणत आले. नोव्हेंबरमधल्या एका मॅचला मुलगी थंडीने काकडत होती. दोन मोजे, वर लोकरीची टोपी, तरी पाय गारठलेले. आजोबांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला, घडी उलगडली आणि तिच्या पायाखाली सरकवला. थंडी वरून नाही, खालच्या काँक्रीटमधून चढते, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. पुढच्या मॅचला ते दोन तुकडे घेऊन आले, एक मुलासाठी. त्यानंतर आमच्या घरात कुठलंही खोकं आलं की मुलगी आधी पुठ्ठा बाजूला काढून ठेवायची.

मागच्या रांगेतला एक जण रेफरीला भयंकर शिव्या घालायचा. आजोबा फक्त मान वळवून मुलांकडे बोट दाखवायचे, की तो गप्प. तीन-चार मॅचनंतर बोट दाखवावंच लागलं नाही. मुलं आली म्हणून मोठी माणसं सुधारतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्यासाठी तीच मुलं दर पंधरवड्याला त्याच खुर्चीवर दिसायला हवीत. एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी कोण आपली सवय बदलतं?

आणि हरण्याचं म्हणाल, तर आम्ही चिक्कार बघितलं. पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या पातळीवर जाण्यासाठीच्या शेवटच्या मॅचमध्ये, मिलवॉलने आमच्या मैदानावर 3-1 असं हरवलं. पुढच्या वर्षी, 2017 मध्ये, लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या फायनलला पुन्हा मिलवॉल, पुन्हा हार, 1-0. दोन वर्षांनी संघ परत चौथ्या पातळीवर. मोठ्यांमधले बरेच जण कंटाळले. आमची मुलं काही हटली नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलाला संघ कुठल्या पातळीवर आहे याचं काही नसतं, तो संघ 'आपला' असतो. ही ओढ बारा-तेरा वर्षांच्या आतच लागते असं माझं मत आहे. त्या वयात मूल टीव्हीवर लिव्हरपूल आणि रेआल माद्रिदच बघत राहिलं, तर गावातला क्लब त्याला कायमचा मुकला.

तिकीट स्वस्त झाल्याने संघ चांगला होत नाही, हेही सांगायला हवं. 2007 नंतर चौथ्या पातळीवरून वर यायला ब्रॅडफर्डला सहा वर्षं लागली. मॅचमागे सहा पौंडांत भारी खेळाडूंचे पगार कुठून देणार, असं म्हणणारे चाहते इथे आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण त्याच सहा वर्षांच्या शेवटी, डिसेंबर 2012 मध्ये, या चौथ्या पातळीच्या संघाने व्हॅली परेडवर आर्सेनलला पेनल्टींवर हरवलं आणि पुढे लीग कपची फायनल गाठली. तिथे स्वान्सीकडून 5-0 अशी सणसणीत हार झाली, तरी वेम्बलीवर ब्रॅडफर्डकरांचा आवाज शेवटपर्यंत कमी झाला नाही, असं इथली माणसं अजून अभिमानाने सांगतात.

मोठ्या क्लबांची गोष्ट वेगळी. मँचेस्टर युनायटेडला खुर्च्या भरायची चिंता नाही, तिथे तिकिटासाठी लोक वाट बघत असतात. पण 2024 मध्ये सीझन चालू असतानाच त्यांनी उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंड केली, मुलांची आणि वृद्धांची सवलत काढून टाकून. आधी ती मोठ्यांना 40 पासून आणि मुलांना 25 पासून मिळायची. म्हणजे चौघांच्या घराला 130 पौंडांत होणारी मॅच 264 वर गेली. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. टीव्हीच्या हक्कांतून या क्लबांना इतका पैसा मिळतो की मुलांच्या तिकिटातले चाळीस पौंड त्यांच्या खिजगणतीत नसावेत. चाहत्यांनी जोर लावला तर हे बदलतं. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने 77 पौंडांचं तिकीट काढायचं ठरवलं, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या मॅचमध्ये 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. काही दिवसांतच मालकांनी तो बेत मागे घेतला. त्याच वर्षीपासून पाहुण्या संघाबरोबर बाहेरगावाहून येणाऱ्या चाहत्यांसाठी प्रीमियर लीगच्या सगळ्या क्लबांनी तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा मान्य केली.

आता कोल्हापूरकडे परत येते. तिकीट परवडत होतं, तरी मी गच्चीवरच राहिले. म्हणून नुसता भाव उतरवून भागत नाही. बायकांसाठी स्वच्छ संडास आहे का? मुलाचा हात धरून गर्दीतून बाहेर पडता येतं का? मॅच रात्री पावणेआठला की दुपारी तीनला? आपल्याकडे कुणी क्लब चालवत असेल आणि हे वाचत असेल, तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी संडास बांधा, मग सवलत जाहीर करा.

ब्रॅडफर्डला हे फार भयंकर पद्धतीने शिकावं लागलं. 11 मे 1985 ला तिसऱ्या डिव्हिजनच्या विजेतेपदाचा करंडक संघाच्या हाती बघायला माणसं घरच्यांना घेऊन आली होती. समोर लिंकन सिटी. लाकडी मेन स्टँडला आग लागली आणि काही मिनिटांत सगळा स्टँड पेटला. 56 जण गेले, त्यात मुलं होती, म्हातारी माणसं होती. तुम्ही मुलांना बोलावता तेव्हा त्यांना सुखरूप घरी धाडणंही तुमच्याकडेच येतं. आजोबा त्या दिवशी मैदानावर होते, एवढंच मला माहीत आहे. त्यावर ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

3 मे 2025 ला फ्लीटवुडविरुद्ध 96 व्या मिनिटाला गोल झाला आणि संघ चौथ्या पातळीतून पुन्हा वर चढला. चोवीस हजार लोक होते. आजोबा आता नाहीत, त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी बसते. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. ती आमच्यात बसत नाही, मैत्रिणींबरोबर कॉप नावाच्या गोलमागच्या स्टँडमध्ये उभी असते, तिकीट शनिवारच्या कामाच्या पैशातून स्वतः काढते. त्या दिवशी गोल झाला तेव्हा मी तिला त्या गर्दीत शोधत होते, दिसली नाही. नंतर मेन स्टँडच्या बाहेर स्मारकापाशी भेटलो, तर आवाज पार बसलेला. तिने फोनवर कोल्हापूरला तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लावलं होतं आणि बसलेल्या आवाजातच त्यांना गोल कसा झाला ते सांगत होती.