तेराव्या दिवसाचा तो मेसेज जपा

सातपूरच्या एका वर्कशॉपमालकांचं पत्र आलं आहे. 84 कामगारांना प्रत्येकी दोन, असे गणवेशाचे 168 जोड त्यांनी 1,050 रुपये दराने शिवून घेतले. निम्मे पैसे, म्हणजे 88,200 रुपये, आगाऊ दिले. माल 4 ऑगस्टला आला. त्यातले 46 जोड बसत नाहीत. कुणाला खांद्यात आवळतात, कुणाची बाही तळहातावर येते. शिवणाऱ्याने ‘करून देतो’ म्हणत तीन महिने काढले आणि आता उरलेली रक्कम व्याजासकट मागायला तो सुविधा परिषदेत, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सरकारी मंडळात, गेला आहे. ‘पैसे द्यावेच लागतील का?’

असं पत्र मला वरचेवर येतं. कधी खोक्यांचं असतं, कधी फर्निचरचं. म्हणून खराब मालाचे काय हक्क असतात ते पुन्हा सांगत नाही. तुमचं प्रकरण पंधरा दिवसांवर उभं आहे.

शिवणाऱ्याची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, म्हणून त्याला सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 लागू होतो. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं हा कायदा धरतो. मग पैसे देण्याची मुदत तिथून सुरू होते. करारात काहीही लिहिलेलं असो, ती 45 दिवसांच्या पुढे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मात्र पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतलेली असेल, तर पुरवठादार ती दूर करेपर्यंत स्वीकृतीचा दिवसच उगवत नाही.

तुम्ही फोन केले, दोनदा त्याच्या दुकानात जाऊन आलात, हे पानभर लिहिलं आहे. त्याचा इथे काही उपयोग नाही. उपयोगाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली: 17 ऑगस्टला सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर चार फोटो टाकले, ‘बाह्या लांब आहेत, खांदे टाईट आहेत, एवढे परत न्या’ असं लिहिलं आणि समोरून ‘ठीक आहे, पाठवा’ असं उत्तर आलं. तो तेरावा दिवस होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 मुळे असा मेसेज ‘लेखी’ या शब्दात बसतो, असं माझं मत आहे. ‘ती हरकत नव्हती, नुसती दुरुस्तीची विनंती होती’ असा वाद तो घालेल. पण ‘परत न्या’ हे शब्द तुमच्या बाजूचे आहेत. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडायला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, तुमच्या वकिलाला आजच सांगा.

आता तुमची कच्ची बाजू. 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाला सगळ्यांनी हेच कपडे घालून फोटो काढला. परिषदेत तो फोटो समोर येणार हे धरून चला. एकदा अंगात घालून बघणं म्हणजे स्वीकारणं नव्हे, असं म्हणता येईल. पण त्यानंतर कपडे धुतले, वापरले. तेव्हा सगळा माल परत करून सगळे पैसे मागण्याच्या फंदात पडू नका. माल विक्री अधिनियम, 1930 प्रमाणे माल स्वीकारल्यावरही उणिवेपोटी किंमत कमी करून मागता येते. तेच मागा.

पण 46 हा आकडाही मला पटत नाही. त्यात पॅकिंगमधल्या सात जणींचे 14 जोड आहेत. ऑफिसने पाठवलेल्या यादीत त्यांच्या नावापुढे पुरुषांचे ‘एम’ आणि ‘एल’ लिहिले होते आणि शिवणाऱ्याने तेच शिवलं. एक सकाळ टेप घेऊन माणूस कारखान्यात बोलावला असता तर हे झालं नसतं. ही चूक तुमची आहे. त्या सात जणींना नवे कपडे तुमच्या खर्चाने शिवून द्या आणि त्यांच्या पगारातून एक रुपयाही कापू नका. कायद्याने परवानगी दिलेल्या कपातींत ही कपात बसत नाही.

राहिले 32 जोड, म्हणजे 33,600 रुपये. वाद एवढाच. उरलेले 54,600 रुपये ‘वाद नसलेली रक्कम’ असं पत्रात लिहून याच आठवड्यात भरा. एवढे जरी भरले, तरी उद्या निकाल उलटा लागल्यास व्याज निदान सगळ्या रकमेवर चढणार नाही. कायदा परिषदेला 90 दिवस देतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तोवर चक्रवाढ थांबत नाही. शिवाय परिषदेचा निवाडा विरोधात गेला, तर त्याला आव्हान देण्याआधी 75 टक्के रक्कम जमा करावी लागते.

त्या 32 जोडांपैकी प्रत्येक शर्ट आणि मंजूर केलेला नमुना एकाच टेबलावर सपाट पसरा. खांद्याची शिवण ते शिवण, काखेतून काखेपर्यंत छाती, बाहीची लांबी टेपने मोजा आणि कामगाराच्या नावासमोर लिहा. मालाची मापं नमुन्याशी जुळत नाहीत हे एवढ्यानेच दिसेल. दुसऱ्या शिंप्याकडून दुरुस्तीचा लेखी भाव घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटली. लांब बाह्यांचे नऊ शर्ट लेथवरची माणसं आजही दुमडून घालतात, असं तुम्ही लिहिलं आहे. दुमडलेली बाही सुटते. चालत्या मशीनची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवायचे, हे 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 22 मध्येच लिहिलं होतं. आता नव्या कामगार संहिता आल्या, तरी तुमची जबाबदारी गेलेली नाही. मोजमाप करून, फोटो काढून, शिवणाऱ्याला कळवून त्यातल्या सात शर्टांच्या बाह्या उद्याच कापून घ्या आणि बिल ठेवा. दोन शर्ट पुराव्यासाठी जसेच्या तसे बाजूला ठेवा, पण ते कुणाला घालू देऊ नका.

त्याची उद्यम नोंदणी तुमच्या ऑर्डरच्या आधीची आहे का, तेही तपासा. नंतरची असेल तर वेगळा बचाव उभा राहू शकतो. त्यावर न्यायालयांचं एकमत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. बिलावरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला घाबरू नका. ती ऑर्डर ठरल्यानंतर छापून हातात आली आहे.

परिषदेच्या नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि नुकसानभरपाईचा प्रतिदावा त्याच उत्तरात मांडा. पहिल्या तारखेला नमुन्याचा शर्ट सोबत न्या.