वाचकांचे प्रश्न : दुचाकी आणि कोकणचा किनारा

प्रश्न : अलिबागहून रत्नागिरीला किनाऱ्याकिनाऱ्याने १२५ सीसी गाडीवर आम्ही दोघं जाणार आहोत. दोन दिवस पुरतील का? फेरीबोटीत गाडी चढवायची धास्ती वाटते. (सातारा)

उत्तर : तीन दिवस ठेवा. या रस्त्यावर किलोमीटर मोजण्यापेक्षा खाड्या मोजा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी बोटीतून न्यावी लागते. मधला रस्ता अरुंद, वळणांचा, गावागावातून जाणारा. ताशी २५-३० किलोमीटरची सरासरी पडली तरी पुष्कळ. पहिला मुक्काम श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर, दुसरा गुहागर. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर आधीच विचारून ठेवा. दाभोळची बोट चुकली तर खेड-चिपळूणमार्गे गुहागरला शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. पेट्रोल मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे भरत जा, टाकी अर्धी असली तरी.

बोटीत घोळ होतो तो फळीवर. बोटीची लोखंडी फळी ओली असते, धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं आणि ओहोटीला तो उतार जास्त लांब उघडा पडतो. मागच्या माणसाला आधी उतरवा. पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ ठेवून, एकाच संथ वेगात चढा. फळीवर असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक सटकलंच म्हणून समजा. आत गेल्यावर गाडी साइड स्टँडवर लावून पहिल्या गिअरमध्येच ठेवा आणि तिच्याजवळ उभे राहा. न्यूट्रलमधली गाडी पुढे सरकून स्टँड मिटतो.

निघण्यापूर्वी मागच्या टायरची हवा दोघांच्या वजनाप्रमाणे भरा. आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. गाडीला ट्यूब असेल तर ट्यूबलेसचं पंक्चर किट निरुपयोगी. जादा ट्यूबच घ्या.

प्रश्न : कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर एकदम मऊ पडून हँडलला टेकला. अर्धा तास थांबल्यावर आपोआप ठीक झाला. गॅरेजमध्ये पॅड बदलून दिले. आता निर्धास्त राहावं का? (कराड)

उत्तर : नाही. थंड झाल्यावर ब्रेक परत आला, म्हणजे दोष बहुतेक ब्रेक ऑइलचा आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, ऑइल उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे तुमचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. सगळं जुनं ऑइल काढून ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं नवीन घाला आणि ब्लीडिंग करून, म्हणजे नळीतली हवा काढून घ्या. पुढे दर दोन वर्षांनी बदला.

उतरण्याची पद्धतही सुधारा. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, क्लच सोडून. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग कमी झाला की पूर्ण सोडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे बरेच असतात. त्यांचा सगळा भार ब्रेकवर येतो.

प्रश्न : समुद्राकाठी फिरून आल्यावर चेन तांबूस होते. उपाय? (ठाणे)

उत्तर : त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या बाजूच्या चेनला आतून लावा. जास्तीचं पुसून काढा, नाहीतर लाल धूळ चिकटून ती कानशीसारखी घासते.