व्हिक्टोरियाच्या खेड्यात शाळेत व्हॉलंटियर व्हायचं म्हणताय, तर जरा सविस्तर लिहिते

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसावर (शहराबाहेरच्या भागात राहून काम करायचा तात्पुरता व्हिसा) उत्तर व्हिक्टोरियात काम मिळालंय, मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगी सहा वर्षांची, अशा छोट्या गावात मी दिवसभर करणार काय, आणि शाळेत व्हॉलंटियर होण्यात काही अर्थ आहे का. ताई, वाचल्यापासून तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, कारण मीही सातारा जिल्ह्यातली, डीएड, झेडपीचीच. आता मॅलीत राहते, स्वान हिलच्याही पुढे, सगळा गव्हाचा पट्टा. नवरा शेतीच्या मशिनरीचं रिपेअरिंग करतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात हार्वेस्ट सुरू झाला की घरी फक्त झोपायला येतो. व्हिसा, मेडिकेअर, भाडं हे सगळं साइटवर मिळेल, त्यात मी जात नाही.

व्हॉलंटियर व्हा, नक्की व्हा. पण आधी कागदांचं ऐका. वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसाची सरकारी पार्श्वभूमी तपासणी, लागतो, व्हॉलंटियरला फुकट आहे, पाच वर्षं चालतो, पण त्याच कार्डावर पगाराचं काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा काढावा लागतो. फॉर्म सोपाच आहे, अडतं ते आपल्या नावात. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, डीएडच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आणि इथल्या माणसाला वाटतं की या दोन वेगळ्या बायका आहेत. लग्नाचं सर्टिफिकेट इंग्रजीत करून आणा आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत पण आणा, इथून मागवायला फार वेळ जातो, मी भावाला तालुक्याला किती हेलपाटे घालायला लावले ते माझं मला माहीत. मुलीचं लसीकरणाचं कार्ड तर जिवापाड जपा. आमचं आरोग्य केंद्रातलं, नर्सताईंनी पेनाने भरलेलं, अर्धं पुसलेलं, आणि शाळेच्या ॲडमिशनला लसींची नोंद इथल्या रजिस्टरवर असावी लागते, ती चढवून घेईपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

आता दिवस कसा असतो ते. आमच्या भागात बऱ्याच शाळा इतक्या लहान आहेत की दोन-तीन इयत्ता एकाच वर्गात बसतात. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेचं बहुवर्ग अध्यापनच ते, त्यामुळे तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं ओळखीचं वाटेल. लांबच्या शेतांवरची मुलं बसने येतात, शाळा ४.८ किलोमीटरपेक्षा लांब असली तर बस फुकट असते, आणि काही मुलं इतक्या लवकर निघालेली असतात की उपाशीच पोचतात. म्हणून ब्रेकफास्ट क्लब असतो, फूडबँककडून सामान येतं, आपण टोस्ट भाजायचे, दूध-सीरियल द्यायचं, भांडी घासायची. मग घंटा झाली की मी व्हरांड्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसते आणि एकेक मूल वाचायला येतं.

हे काम मला मनापासून आवडतं. एक मुलगा यायचा, बूट चिखलाने भरलेले, पुस्तक हातात घेतलं की खांदे वर चढायचे. चित्र बघून शब्द ठोकून द्यायचा, हॉर्सच्या जागी पोनी. मी त्याचं बोट अक्षराखाली ठेवायला लावलं आणि एकेक आवाज काढून जोडायला लावला, जसं आपण क ला काना का करतो तसं, आणि हळूहळू तो खरंच वाचायला लागला. २०२५ पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत प्रेप (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते दुसरीपर्यंत रोज किमान २५ मिनिटं फोनिक्स, म्हणजे हेच आवाज जोडून वाचणं, शिकवायचं ठरलंय, त्याचं ट्रेनिंग शिक्षकांना द्यायला लागतंय. तिथे व्हरांड्यात बसून मला वाटायचं, मला विचारा की, मी वर्षानुवर्षं हेच केलंय. पण व्हॉलंटियरला कोणी विचारत नाही, तिने ऐकायचं, डायरीत टिक करायची आणि पुढच्या मुलाला हाक मारायची.

ताई, खरं लिहायचंय ते हे. तुम्ही शाळेच्या आत असता, सगळं दिसत असतं, आणि बोलायचा अधिकार नसतो. वर्गात काय बघितलं ते बाहेर बोलायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगतात, ते योग्यच आहे, मुलांच्या खाजगी गोष्टी असतात. पण माझी स्वतःची मुलगी त्याच शाळेत. आम्ही जुलैत आलो, तिकडे तिची दुसरी सुरू झाली होती, इथे वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं म्हणून वयाप्रमाणे तिला पहिलीत मधूनच बसवलं. ते एक वेळ मान्य. पण ती सुरुवातीला वर्गात बोलायचीच नाही, म्हणून वाचनाच्या सगळ्यात खालच्या गटात टाकली आणि तिथेच ठेवली. मी वरच्या गटाच्या मुलांचं वाचन ऐकायचे आणि मला कळायचं की हीच पुस्तकं ही घरी घडाघडा वाचते. टीचरना दोनदा सांगितलं. 'शी इज सेटलिंग इन ब्यूटिफुली,' एवढंच उत्तर, अगदी गोड हसून. पुढच्या वर्षी टीचर बदलल्या तेव्हा गट बदलला. आज ती छान शिकतेय, तिला ते आठवतही नाही. मला आठवतं. रोज त्यांच्याच शाळेत टोस्ट भाजत होते ना मी.

तुम्ही म्हणाल मग शिक्षिकाच का नाही झालीस. त्यासाठी चार वर्षांचं उच्च शिक्षण लागतं, बारावीनंतरची दोन वर्षांची डीएड माझ्या बाबतीत त्यात धरली गेली नाही, आणि आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनाला सात आणि ऐकणं-बोलण्याला आठ बँड लागतात. शाळेत एज्युकेशन सपोर्टचं पगारी काम मिळू शकतं, त्याचा सर्टिफिकेट थ्री किंवा फोरचा कोर्स टेफमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी व्यवसाय शिक्षण संस्थेत, असतो, आणि व्हॉलंटियर म्हणून ओळख झालेली असली की प्रॅक्टिकलसाठी शाळा पटकन हो म्हणते. मी तो करतेय. वर्ग स्वतः चालवलेल्या बाईला मदतनीसाचा अभ्यासक्रम शिकताना कसं वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एकटेपणाचं विचारलंत. असतो, सगळ्यांनाच असतो, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. कामात राहा.

आणि गाव वाईट नाही, हे पण लिहायलाच हवं. १९९० च्या दशकात इथल्या केनेट यांच्या राज्य सरकारने व्हिक्टोरियात तीनशेहून जास्त सरकारी शाळा बंद केल्या, म्हातारी माणसं अजून त्याबद्दल बोलतात. पट कमी झाला की शिक्षक कमी, मग शाळा जाते, मग गाव जातं, हे आपल्या वाड्यावस्त्यांवर आपणही बघतोय. त्यामुळे शाळेत एक पोर वाढलं की लोकांना मनापासून आनंद होतो. वर्किंग बीला, म्हणजे पालक मिळून शाळेची साफसफाई-डागडुजी करतात त्याला, शनिवारी जा, कुदळ घ्या, गवत काढा, तिथे जितक्या ओळखी होतात तितक्या कुठेच नाही. निवडणुकीच्या दिवशी शाळेत मतदान असतं, बाहेर सॉसेज आणि केकचा स्टॉल, त्यात मी नानकटाई ठेवते, दुपारच्या आत संपते. आमच्या शाळेत डब्यात मात्र शेंगदाणा चालत नाही, ॲलर्जीची मुलं असतात. कूट घातलेली भाजी, चटणी, लाडू सगळं घरीच. मी तीळ आणि सूर्यफुलाच्या बियांचं कूट करते, चांगलं लागतं.

शेवटचं, तुमच्या नोकरीचं. राजीनामा देऊ नका. असाधारण रजेचा अर्ज करा, लेखी करा, पोच घ्या. माझी रजा नामंजूर झाली म्हणून मला सोडावी लागली, तुमची होऊ शकते मंजूर, पाठपुरावा सोडू नका. सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत आणि अनुभवाचं पत्र इंग्रजीत घेऊन ठेवा, बीए, बीएड काही झालं असेल तर विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट निघायच्या आधीच काढा. तुमचं बीएड असेल तर तुमची गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी होऊ शकते, तेवढं मला कळवा, मी काय काय कागद लागले ते बघून सांगते.