आधी सल काढा, मग फवारणी

प्रश्न: संत्र्याच्या फळांवर तपकिरी ठिपके आहेत, हात फिरवला की काचकागदासारखे खरखरीत लागतात. दोनदा बुरशीनाशक फवारले, फरक नाही. झाडात वाळक्या काड्या बऱ्याच आहेत. छाटणी करावी का, किती?

उत्तर: लक्षणे मेलानोज या बुरशीजन्य रोगाची दिसतात. ही बुरशी वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे सलवर वाढते. पावसात तिचे बीजाणू पाण्याबरोबर खालच्या कोवळ्या पानाफळांवर उतरतात. फवारलेले औषध पानाफळांच्या पृष्ठभागाचे रक्षण करते. काडीच्या आतली बुरशी त्याने मरत नाही. सल तशीच ठेवून तिसरी फवारणी केली, तर खर्च तेवढा वाढेल.

तोडणी संपल्यावर, नवी पालवी फुटायच्या आत, कोरड्या हवेत सल काढा. झाड ओले असताना कात्री लावूच नका. काप वाळल्या जागी नको. त्याखाली 2 ते 3 सें.मी. जिवंत हिरवे लाकूड घेऊन कापा, नाहीतर मर, म्हणजे फांदीचे वाळणे, पुन्हा खाली सरकते. झाड बदलताना कात्री 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. काम संपल्यावर धुऊन तेल लावा, ती फार लवकर गंजते. काढलेली सल बांधावर रचून ठेवायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती बागेबाहेर नेऊन नष्ट करा.

जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, लोखंडी भांडे टाळा.

हिरव्या फांद्यांवर मात्र हात आवरा. झाड मोकळे करायच्या नादात जास्त छाटले की साल उन्हाने भाजते. आतले पानसोट (सरळ वर वाढणारे, फळ न देणारे जोमदार फुटवे), एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि जमिनीपासून दीड-दोन फुटांच्या आत लोंबणाऱ्या फांद्या काढल्या की पुरे. खालच्या फांद्या काढल्याने मातीचे शिंतोडे फळांवर उडत नाहीत आणि फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या जीवामुळे होणारी फळकूज कमी होते. बुंध्यावरचा डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) छाटणीने बरा होणार नाही; त्यासाठी आधी बुंध्याशी पाणी साचणे थांबवा.

प्रश्न: लिंबावरच्या खैऱ्यालाही हेच चालेल का?

उत्तर: खैऱ्या (पाने, काड्या, फळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) जिवाणूजन्य आहे. रोगट काड्या कोरड्या हवेत काढून जाळा आणि लगेच ताम्रयुक्त औषध फवारा, कारण ताज्या जखमेतून जिवाणू आत शिरतो. नागअळीही आटोक्यात ठेवा. तिने पोखरलेल्या पानांवर खैऱ्या जास्त येतो.