नागपूरच्या अधिवेशनावर पहिल्यांदा मोर्चाला निघताना

तू लिहिलंस की डी.एड. होऊन तीन वर्षं झाली, शिक्षक भरतीच्या मागणीसाठी अमरावतीहून मैत्रिणींबरोबर नागपूरला मोर्चाला जायचंय, आई नको म्हणते आणि लाठीमाराची भीती वाटते. मी अंगणवाडी सेविका आहे. मानधनासाठी नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून मोर्चाला अनेकदा निघालेय, म्हणून सविस्तर लिहिते.

लाठीचं नंतर. आधी पाण्याचं बोलू. माझ्या पहिल्या मोर्चाला मी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. लघवीला जायचं कुठं, या धास्तीनं. दुपारी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर डांबरी रस्त्यावर बसलेली असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या बायांनी ओढून सावलीला नेलं, गुळाचा खडा तोंडात घातला. आजही कितीतरी बाया असंच तहानलेल्या बसतात आणि याचं मला फार वाईट वाटतं. स्टेडियमवरून निघण्याआधी जाऊन ये, फिरतं शौचालय कुठं उभं आहे ते आयोजकांना विचारून ठेव, दोघी-दोघींनी जा, आणि घोट घोट पाणी पीत राहा. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड पिशवीत असू दे.

कारण मोर्चात चालणं थोडं आणि थांबणं फार. पोलीस कठडे लावून मोर्चा अडवतात, पाच-सहा जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जातं, बाकीचे रस्त्यावर बसून वाट बघतात. कधी दोन तासांत आटोपतं, कधी रात्र होते. डिसेंबरचं ऊन कोवळं वाटतं, पण बसून बसून लागतं, आणि सूर्य कलला की नागपूरची थंडी हाडात शिरते. स्वेटर, शेंगदाणे, पोळी-चटणी, रोजच्या गोळ्या, एवढं हवंच. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट. ओढणी शक्यतो नको, घेतलीस तर पिन लावून. गळ्यात काही घालू नकोस. चष्मा असेल तर चष्माच लाव, लेन्स नको. अश्रुधुरात लेन्सचा फार त्रास होतो. फळं कापायला चाकूही घेऊ नकोस. घटनेच्या कलम १९ नं दिलेला हक्क शांततेनं आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे.

आता गर्दी. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच नागपुरात, अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं फार होती. झिरो माइलला त्यांचं स्मारक आहे. वेळ मिळाला तर तिथं जाऊन ये. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: पहिल्या खेपेला कठड्याला लागून उभी राहू नकोस, मधोमधही नको. कडेनं राहा, आणि बाजूची गल्ली कुठं निघते ते पोचल्या पोचल्या बघून ठेव. मागून रेटा आला तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धर, म्हणजे श्वासाला जागा राहते. रेट्याविरुद्ध जोर लावू नकोस, सोबत सरकत तिरपी कडेला ये. चप्पल सुटली तर सुटू दे, वाकू नकोस. घोषणांचा सूर बदलला, दगड दिसला, की तिथून निघायचं. असं निघण्यात कसलाही भेकडपणा नाही.

पोलिसांनी गाडीत बसवलं तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली ताब्यात घेतात आणि संध्याकाळपर्यंत सोडतात. अटकच झाली तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि वकिलाला भेटू देणं त्यांना बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलंच पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. नाव-पत्ता खरा सांग, हुज्जत घालू नकोस, वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तुला नोकरीची काळजी आहे ते समजतं. गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत तो विचारला जातो. तेव्हा तो लपवू नकोस, लपवणं जास्त महागात पडतं. जमावबंदी लागू आहे का आणि मोर्चाला परवानगी कुठपर्यंत आहे, हे आयोजकांकडून आदल्या दिवशीच विचारून घे. परवानगीचा कागद त्यांच्याकडे असतो, दाखवा म्हणायला संकोच नको.

फोनला बोटाऐवजी आकड्यांचं कुलूप लाव. गर्दीत फोन लागत नाही, त्यामुळे दोन नंबर मनगटावर बॉलपेननं लिहून ठेव, एक घरचा आणि एक संघटनेच्या वकिलाचा. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं तेही ठरवा. आम्ही स्टेशनाजवळचा टेकडी गणपती ठरवतो, तो कुणीही दाखवतो. फोटो टाकताना दुसऱ्यांचे चेहरे टाकू नकोस. कुणाची तरी नोकरी त्यात अडकलेली असते.

आईला न सांगता मात्र जाऊ नकोस. सोबत येणाऱ्या दोघींचे नंबर तिला दे, परतीची गाडी कुठली ते सांग आणि निघायची वेळ आधीच ठरव. शिष्टमंडळ परतलं नसलं तरी त्या वेळेला निघ. आईशी बोलायला कुणी हवं असेल तर मला निरोप कर, मी स्वतः तिच्याशी फोनवर बोलेन.