बाळ रडतंय ना, मग हात आवर

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. पुस्तकात लिहिलंय नाळ कापायला थांबा, लेबर रूमची इन्चार्ज म्हणते लगेच काप आणि वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली घे, आणि डॉक्टर हसून म्हणतात की दहा वर्षांनी हेही बदलणारच आहे, कशाला डोकं लावतेस. इन्चार्जचं मी समजू शकते, तिच्याकडे टेबलं कमी आणि बायका जास्त. डॉक्टरांच्या वाक्याचा मात्र राग आला. बदलतंय ते खरं, पण कुठल्या बाजूला बदलतंय ते तरी बघा ना जरा!

मी नोकरीला लागले तेव्हा बाळ बाहेर आलं की दोन चिमटे, कात्री, पाय धरून उलटं, पाठीवर थापट्या, नाकातोंडात नळी, मग आंघोळ, वजन, आणि शेवटी आईला लांबूनच "बघ बाई, मुलगी झालीय". सगळी धावपळ आपली. पोटावर घेतलं असतं तर जे बाळ आपणहून दूध शोधत गेलं असतं ते तासभर कोपऱ्यात गुंडाळलेलं. त्या आयांचं मला आजही वाईट वाटतं, पण तेव्हा शिकवलंच तसं होतं आणि नियम काही मी केले नव्हते.

मग एकेक सुटत गेलं. मेकोनियम, म्हणजे बाळाने पोटातच केलेली शी दिसली की डोकं बाहेर येताच, खांदे यायच्या आधी सक्शन, म्हणजे नळीने नाकतोंड ओढून साफ करणं, हा तर आमचा धर्मच होता, 2004 साली मोठ्या अभ्यासात दिसलं की त्याने फायदा होत नाही. श्वास न घेणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी 100 टक्के ऑक्सिजनच द्यायचो, 2010 पासून सांगतात की साध्या हवेने सुरुवात करा. आंघोळ 24 तास पुढे गेली. नाळेला किमान 1 मिनिट, जमलं तर 3, कारण वारेत राहिलेलं रक्त बाळाचंच असतं आणि त्यातलं लोह त्याला कित्येक महिने पुरतं, आपल्याकडच्या निम्म्या बायकांना रक्त कमी, तिथे हे फुकटचं औषध आपण बादलीत टाकत होतो. कमी वजनाचं बाळ आधी स्थिर होऊ दे मग कांगारू, म्हणजे आईच्या उघड्या छातीशी धरणं, असं म्हणायचो, 2021 च्या अभ्यासात (दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं त्यात) जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्यांमध्ये मृत्यू 25 टक्क्यांनी कमी. दिसतंय का काही? दरवेळी आपला हात मागे आणि आई पुढे.

म्हणून सांगते, बाळ रडतंय ना, मग हात आवर. रडणाऱ्या बाळाच्या घशात नळी घालून तू काय काढणारेस? उलट हृदयाचे ठोके मंदावतात.

पण हात आवर म्हणजे हाताची घडी नाही हं! पुसलं, पाठ चोळली, तरी श्वास नाही, तर मग कसलं थांबणं, नाळ काप आणि पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क, म्हणजे तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत श्वास देणं, सुरू. ड्युटीवर आल्या आल्या बॅग दाबून बघत जा, मास्क छोट्या साइजचा आहे का बघ, हे विसरलीस तर मला फोनही करू नकोस.

आणि "हे मोठ्या हॉस्पिटलात ठीक" असं कुणी म्हणालं तर गडचिरोली सांग. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने तिथल्या गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळंतपणं घरात, आणि ऊब, दूध, जंतुसंसर्गावर लक्ष, वेळेत औषध एवढ्यावर नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले, 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलंय ते. वॉर्मर नव्हता तिथे, बाळाकडे बघणारं माणूस होतं.

मला सगळे हट्टी म्हणायचे, सीआरमध्येही, म्हणजे नोकरीच्या गोपनीय अहवालातही तेच लिहून आलं. लिहू देत. मी नळी ट्रेमधून उचलून कपाटात ठेवायचे, लागली की काढा म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं.

तू भांडू नकोस. बाळ सरळ आईच्या पोटावर घे, पूस, ओला कपडा काढून कोरडा घाल, टोपी घाल, आणि घड्याळाकडे बघत मोठ्याने म्हण, "अजून मिनिट झालं नाही मॅडम." मिनिटभरासाठी कुणी तुझ्या हातातून कात्री ओढून घेत नाही. इंजेक्शन, वजन, फाइल सगळं तासाभराने. आजी मध घेऊन दारात उभी असेलच, तिला बाहेर बसव, आणि पहिला चीक पिळून टाकू देऊ नकोस.

आणि लेबर रूमचा पंखा बंद करायला लाव. खोली किमान 25 डिग्री हवी, इन्चार्जला घाम आला तर येऊ दे.

तुझी सिस्टर