आजकालच्या जगात चर्चमधला उपदेश लोकांपर्यंत पोचवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की सेमिनरीतून, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, नुकतेच बाहेर पडलात, उपदेश मनापासून तयार करता तरी तरुण मंडळी मोबाईल काढून बसतात, मग प्रोजेक्टर, गिटार वगैरे आणावं का. आणा की, माझी ना नाही, पण त्याचं नवल दोन-तीन रविवार टिकेल.

मी पाळक नाही, शाळामास्तर आहे. आमच्या नगरकडे (आता अहिल्यानगर) पाळकसाहेबांकडे एकापेक्षा जास्त गावं असली की ज्या रविवारी ते नसतील त्या रविवारचा उपदेश आमच्यासारख्याच्या गळ्यात पडतो. सुरुवातीला मी इंग्रजी कॉमेंटरी वाचून तेच मराठीत आणायचो. एकदा येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घेतला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपात, प्रत्येकाचा आध्यात्मिक अर्थ सांगून मी खूश, आणि उपासना संपल्यावर एक आजोबा चपला घालता घालता म्हणाले, "मास्तर, बाकी ठीक हाय, पण त्यो वाटंवर बी कशाला टाकत व्हता? पाभर नव्हती का त्याच्याकडं?"

माझी बोलतीच बंद. पाभर म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, तिच्या चाड्यात बी सोडलं की ते नळीतून सरळ मातीत जातं, वाटेवर पडायचा प्रश्नच नाही. येशूच्या काळी तिकडे मुठीने फेकून पेरायचे, आपण मेथी-कोथिंबीर फोकतो तसं. पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात केली, की बघा हा शेतकरी कुठली जमीन लायक ते आधी ठरवत नाही, सगळीकडे फेकत सुटलाय, आपण मात्र माणसं बघून बी टाकतो. त्या दिवशी मागच्या बाकावरची कुजबुज पण थांबली होती.

पण नाताळात चाकणहून, हिंजवडीहून पोरं घरी येतात त्यांना पाभरीचं काय? त्यांना मी खडकाळ जमीन म्हणजे जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणारे अशी सांगितली, आणि काटे म्हणजे ईएमआय. हसली, मग गप्प झाली. एकाच घरात दोन संस्कृती आहेत हो आता.

यावर कुणीतरी म्हणेलच की कवी ना. वा. टिळकांसारखं कीर्तन करा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं चालायची, त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली, कीर्तनं केली, कारण समोरच्याच्या कानाला तेच ओळखीचं होतं. गोव्यात इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी 1616 सालीच ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची गोष्ट, मराठी ओवीत आणलं ते पण ह्याचसाठी. पण ज्या पोराने कीर्तन फक्त रीलमध्ये बघितलंय त्याच्यापुढे टाळ वाजवून टिळकांचं काम होत नाही, त्याच्या कानाला काय ओळखीचं आहे ते आपणच शोधायचं.

आणि मोबाईलचं मनाला लावून घेऊ नका, निम्मे लोक तिथेच वचन काढून बघत असतात. राहिलेल्यांनी तुमच्यापेक्षा भारी वक्ते यूट्यूबवर ऐकलेत, तिथे आपण जिंकणार नाही. पण यूट्यूबवाल्याला हे माहीत नाही की गुरुवारी कुणाच्या घरी मयत झाली आणि कुणाच्या पोराची पोलीस भरती थोडक्यात हुकली. म्हणून आठवड्यात दोन-चार घरी चहाला जा, उपदेश तिथे अर्धा तयार होतो. (नावं मात्र व्यासपीठावरून घेऊ नका, मी एकदा घेतलं आणि सहा महिने ते कुटुंब आलं नाही.)

तारण, नीतिमान ठरणे असले शब्द आपल्याला पाठ असतात, पण मयतीला, लग्नाला शेजारपाजारचे हिंदू लोक पण बसलेले असतात, तिथे साध्या बोलीत सांगा, आणि त्यांच्या देवांना नावं ठेवून तर अजिबात नको. येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हा त्यांच्याच वेदीपासून आणि त्यांच्याच कवींपासून बोलायला लागला, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 17 वा अध्याय परत एकदा वाचा.

पेरणाऱ्याचा दाखला मी अजूनही जूनमध्ये घेतो. ते आजोबा आता नाहीत, आणि पेरणी सगळी ट्रॅक्टरवर, त्यामुळे मेथी फोकण्याआधी पाभर म्हणजे काय हेच पोरांना सांगावं लागतं.